सहा फुटांत पुणतांबा

आमच्या एका वाचकभगिनीचें पत्र मागील महिन्यांत आलें. बिऱ्हाड तीन खोल्यांचें, घरांत माणसें आठ. त्यांच्या मामंजींचें आजोळ पुणतांब्याचें. लहानपणच्या उन्हाळ्याच्या सुट्या त्यांनीं तेथेंच काढल्या, आणि त्यांतलाहि बराच वेळ आजोबांच्या वाड्यापेक्षां स्टेशनावर. आतां अठ्ठ्याहत्तराव्या वर्षीं त्यांनीं व अकरा वर्षांच्या नातवानें मिळून मनांत घेतलें आहे कीं, पुणतांबा स्टेशनाची हुबेहूब प्रतिकृति घरांत उभी करावयाची आणि तिच्यांतून विजेवर चालणारी लहानशी आगगाडी न्यावयाची. भगिनी लिहितात, "माजघराच्या भिंतीला दार आणि कपाट यांच्या मध्यें सहा फूट जागा मोकळी आहे, तीहि शिवणयंत्राच्या वरची. ती देण्यास माझी ना नाहीं. पण पुढें या रेल्वेनें पाय पसरले तर काय करूं? शिवाय दोघांचें एकमत नाहीं. मामंजींना धुराचें इंजिन हवें, चिरंजीवांना वंदे भारत. निर्णय दोघांनींहि तुमच्यावर सोंपविला आहे."

आजोबा-नातवांच्या तंट्यांत पडणें शहाणपणाचें नव्हे, हें आम्ही जाणतों. परंतु प्रश्न टाळण्यासारखाहि नाहीं. 'पोरखेळ आहे, अंगणांत मांडा' म्हणावें तर अंगणें राहिलीं नाहींत, आणि ज्या खेळांत अठ्ठ्याहत्तर वर्षांचा भागीदार आहे त्यास पोरखेळ कोणत्या तोंडानें म्हणावें?

लहान सृष्टि मांडण्याची संवय आपल्या घरांस नवी नाहीं. दिवाळींत मुलें विटा-दगड रचून त्यांवर गोणपाट टाकतात, चिखलाचा लेप देतात, अहळीव पेरून चार दिवसांत हिरवळ उगवितात आणि बुरुजावर मावळे बसवितात. गौरीपुढें विहीर, शेत, मळणी अशी आरास ज्यांच्या घरीं होते, त्यांना तर प्रमाणाचें ज्ञानहि असतें; बैल घरापेक्षां मोठा दिसूं नये, हें आजी न शिकवितां शिकविते. डोंगर कसा करावा हें आमच्या वाचकांस सांगावयास नको. फरक एवढाच, कीं किल्ला तुळशीच्या लग्नानंतर मोडतो, आरास गौरींबरोबर जाते, आणि रेल्वे मात्र बारा महिने भिंतीला लागून राहते. म्हणून जागेचा करार आधीं व्हावा, रूळ मागाहून यावेत.

हा छंद वाढूं दिला तर कोठवर जातो, हें पाहावयाचें असल्यास पुण्यास कोथरूडमध्यें भाऊसाहेब जोशी यांनीं उभारलेलें लघुरेल्वेचें संग्रहालय पाहावें. एका गृहस्थाच्या छंदांतून सुरू झालेली ती मांडणी १९९८ सालीं लोकांस खुली झाली. आगगाड्या, पूल, सिग्नल, रस्ते, दिवे असें दालनभर पसरलेलें तें एक शहरच आहे. भाऊसाहेबांचें कुटुंब पुढें तें सांभाळीत आलें, ही गोष्ट आम्हांस गाड्यांहूनहि अधिक मोलाची वाटते. कारण छंद एकाचा असला तरी धूळ झाडणें सर्वांच्या वांट्यास येतें. मुलास तेथें अवश्य न्यावें. मात्र घरीं परत आल्यावर फूटपट्टी त्या दालनाला लावूं नये. आपल्या भिंतीला लावावी.

आतां हिशेब पाहूं. या छंदांत सर्वांत रूढ प्रमाण १:८७ हें आहे. त्यास एचओ म्हणतात, आणि त्याच्या दोन रुळांमधील अंतर १६.५ मिलिमीटर असतें. त्याहून लहान प्रमाण एन. तें १:१६०, रुळांमधील अंतर ९ मिलिमीटर. एचओ प्रमाणानें प्रवासी गाडीचा एक डबा सुमारें दहा इंच भरतो. पांचशें मीटरांचा फलाट धरला तर तो पावणेसहा मीटर, म्हणजे एकोणीस फूट होईल. पुणतांबा ते शिरडी हा सुमारें सतरा किलोमीटरांचा फांटा याच मापानें करूं गेलें तर १९५ मीटर रूळ लागतील. तेवढा सबंध वाडाहि कोणाचा नसतो. आणि चिरंजीवांची वंदे भारत? सोळा डबे, लांबी ३८४ मीटर. एचओमध्यें ती साडेचौदा फूट होते. एनमध्यें सुद्धां जवळजवळ आठ फूट. तिचें तोंड कपाटांत आणि शेंपूट दाराबाहेर, अशी स्थिति.

यावर नवशिका जो उपाय करतो तो असा. तो वाटोळा रूळ घालतो, गाडी त्यावर गरगर फिरते, आणि आठ दिवसांनीं कोणी तिच्याकडे पाहात नाहीं. शिवाय एचओचें वळण अठरा इंच त्रिज्येचें घेतलें तरी चार फूट रुंद फळी लागते. सहा फुटांच्या भिंतीपुढें चार फूट पुढें आलेली फळी ज्या घरांत खपेल त्या घरांतील सुनेस आमचा नमस्कार.

इंग्लंडांत युद्धानंतर घरें लहान झालीं तेव्हां तेथील छंदवाल्यांपुढें हाच पेंच होता. सिरिल फ्रीझर यांनीं १९५७ सालीं 'रेल्वे मॉडेलर' या मासिकांत 'मायनॉरीज' नांवाचा एक आराखडा प्रसिद्ध केला. सात फुटांच्या आंतल्या अरुंद फळीवर एक गजबजलेलें शहरी स्टेशन त्यांनीं बसविलें. युक्ति अशी, कीं सबंध रेल्वे करावयाचीच नाहीं. एक स्टेशन तेवढें करावयाचें. गाडी जेथून येते तें गांव आणि जेथें जाते तें गांव पडद्याआड. आमच्या वाचकांस ही कल्पना समजावयास विलायतेस जाण्याचें कारण नाहीं. संगीत नाटक पाहिलेल्या प्रत्येकास विंग ठाऊक आहे. नारद स्वर्गांतून येतो म्हणून कोणी रंगभूमीवर स्वर्ग बांधीत नाहीं.

तेव्हां आमचा आराखडा असा. सहा फूट लांब आणि सव्वा फूट रुंद फळी भिंतीस कायमची बसवावी. ती रंगभूमि. दोन्ही अंगांस साडेतीन-साडेतीन फुटांची एकेक जोडफळी करावी. एक दारापुढें, एक कपाटापुढें. या जोडफळ्या केवळ खेळाच्या वेळीं कडीनें अडकवावयाच्या आणि खेळ संपतांच काढून कपाटामागें उभ्या ठेवावयाच्या. त्या विंगा. एकीला दौंड म्हणावें, दुसरीला मनमाड. अर्धा तास दार अडेल. परंतु अर्धाच तास. भिंत तेरा फुटांची नसेल तर गाडीचा एक डबा कमी करावा आणि जोडफळ्या तितक्या आंखूड कराव्या. रेल्वेनें पाय पसरण्याची भीति भगिनींनीं बोलून दाखविली आहे. पसरावेत, पण दिवसांतून एकदां, आणि पुन्हां आंखडून घ्यावेत.

मधल्या फळीवर मुख्य मार्ग आणि त्यास समांतर दुसरा एक मार्ग. दोन्ही टोंकांस एकेक सांधा. सांधा सात ते नऊ इंच जागा खातो. पुढें दोन गाड्या एकमेकींस घांसूं नयेत एवढें अंतर सोडलें कीं मध्यें पावणेचार फूट उरतात. वाफेचें इंजिन आणि तीन डबे मिळून चाळीस-एकेचाळीस इंच. म्हणजे गाडी नेमकी बसते. तिसरा सांधा मालधक्क्याकडे. याहून एकहि सांधा अधिक घालूं नये, अशी आमची आग्रहाची सूचना आहे. लहान जागेचा नाश अपुऱ्या रुळांनीं होत नाहीं, अधिक रुळांनीं होतो.

आतां मुख्य तंटा. धूर कीं वंदे भारत?

दौंड–मनमाड मार्ग १८७८ सालीं सुरू झाला. मनमाडकडून येणारी गाडी गोदावरी ओलांडून पुणतांब्यास येते. शिरडीचा फांटा निघाला तो २००९ सालीं. तोंवर हें एकेरी मार्गावरचें एक साधें स्टेशन होतें. मोठ्या रुळांवरील वाफेचीं इंजिनें नित्याच्या कामांतून १९९५ अखेर गेलीं, आणि मुंबईहून शिरडीस जाणारी वंदे भारत आली ती फेब्रुवारी २०२३ मध्यें. म्हणजे आजोबांची गाडी आणि नातवाची गाडी पुणतांब्यास कधींच भेटल्या नाहींत. एक करावयाचें तर फांटा नको, विजेचे खांब नकोत. दुसरें करावयाचें तर दोन्ही हवेत. एका फळीवर दोन्ही काळ मांडले तर स्टेशन कोणत्याच काळचें राहणार नाहीं.

आमचा कौल १९६० च्या सुमारास पडतो. जागेचें कारण आहेच. तीन डब्यांची पॅसेंजर आणि चार चाकांच्या लहान वाघिणी सहा फुटांत शोभतात, सोळा डब्यांची वंदे भारत शोभत नाहीं. पण खरें कारण निराळें आहे. वंदे भारत मुलास पुढील वर्षींहि पाहतां येईल, तिचीं छायाचित्रें हवीं तितकीं मिळतील, फलाटावर उभें राहून तिच्या खिडक्या मोजतां येतील. १९६० सालचें पुणतांबा स्टेशन मात्र कोठें मोजतां येणार? पाण्याचा नळ फलाटाच्या कोणत्या टोंकास होता, मालधक्क्यावर गुळाच्या ढेपा पडलेल्या असत कीं पोतीं, सांधेवाल्याची झोंपडी लिंबाखालीं होती कीं उघड्यावर, गाडी येण्याआधीं घंटा कोण देई, हें सारें मामंजींच्या आठवणींत आहे. अशा गोष्टी कागदावर सहसा कोणी उतरवून ठेवीत नाहीं. त्या आधीं काढून घ्याव्यात.

म्हणून पहिलें काम पुठ्ठा कापण्याचें नव्हे. नातवानें एक वही करावी. रोज संध्याकाळीं आजोबांस एकच प्रश्न विचारावा आणि उत्तर त्यांच्याच शब्दांत लिहावें. शेजारीं त्यांच्याकडून आकृति काढून घ्यावी, हात कांपला तरी चालेल. आजची उत्तरें आणि महिन्यानंतरचीं उत्तरें कोठें कोठें जुळणार नाहींत. तीं तशींच ठेवावीं. न्यायाधीश होऊं नये. एवढें झाल्यावर जमल्यास सर्वांनीं मिळून एकदां पुणतांब्यास जाऊन यावें. स्टेशनाचें रूप बदललें आहे, वरून विजेच्या तारा गेल्या आहेत. पण गोदावरी, अहिल्याबाईंचा घाट, चांगदेव महाराजांची समाधि जागच्या जागीं आहेत, आणि जागेवर उभें राहिल्यावर जें आठवतें तें माजघरांत आठवत नाहीं. चिरंजीवांची बाजू अगदींच पडूं नये म्हणून एवढें करावें: वंदे भारतचें तोंड आणि दोन डबे त्यांनीं पुठ्ठ्याचे करावेत व एखाद्या रविवारीं मालगाडीच्या ठिकाणीं चालवावेत. रविवारीं इतिहासाचा नियम मोडण्यास आमची हरकत नाहीं.

एक दोष आधींच सांगून ठेवतों. आपल्या मोठ्या रेल्वेच्या रुळांमधील अंतर १६७६ मिलिमीटर आहे. ८७ नें भागिलें तर १९.३ येतात. बाजारांत मिळणारा १६.५ चा रूळ युरोपांतील १४३५ मिलिमीटरांच्या मापाचा आहे. म्हणजे आपलें इंजिन पावणेतीन मिलिमीटर अरुंद पायांवर उभें राहणार. स्वतः रूळ घडवून हा दोष काढणारे हौशी लोक आहेत. पण पहिल्या प्रयत्नांत त्या वाटेस जाऊं नये. एन प्रमाण घेऊन जागा वांचविण्याचा मोहहि टाळावा. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षीं बोटांना आणि डोळ्यांना नऊ मिलिमीटरांवर गाडी चढविण्यास लावणें बरें नव्हे. फळी उंच बसवावी, खुर्चींत बसलेल्याच्या डोळ्यांच्या पातळीस, सुमारें पावणेचार फुटांवर. गाडी वरून पाहिली तर खेळणें दिसते; बाजूनें, फलाटावरच्या माणसाच्या नजरेनें पाहिली तर गाडी दिसते, आणि रुळाची अरुंदी कोणाच्या लक्षांत येत नाहीं. शिवणयंत्रहि सुखरूप राहतें.

विंगेचें तोंड झांकावें कसें? येथें बहुतेक जण बोगदा करतात. पुणतांब्यास बोगदा नाहीं. सगळा मुलूख सपाट, काळ्या मातीचा. ऊंस लावून तोंड झांकूं म्हणाल तर तेंहि जमत नाहीं. आठ फूट उंच ऊंस १:८७ प्रमाणानें २८ मिलिमीटर होतो, आणि डबा असतो जवळजवळ ४८ मिलिमीटर उंच. अर्धी गाडी उसावर तरंगतांना दिसेल. दोन्ही टोंकांस पुढच्या अंगाला कडुनिंबाची रांग लावावी. चाळीस फुटांचें झाड १४० मिलिमीटर होतें. तें पुरेसें आहे. ऊंस मागें, पडद्यालगत असूं द्यावा. गांव, घाट आणि शिखर पडद्यावर रंगवावें, फिकट आणि लहान. घरांतील ज्या मुलीचा चित्रकलेंत हात आहे तिच्याकडे तो पडदा सोंपवावा, आणि मग तिच्या कामांत कोणी बोटें घालूं नयेत. स्टेशनची इमारत पूर्ण करूं नये. दर्शनी भिंत आणि मागें दोन इंच जाडी पुरे.

झाडांसाठीं वाळलेल्या घोसाळ्याची जाळी उत्तम. तुकडे करून हिरव्या रंगांत बुडवावी आणि तारेच्या पिळावर चिकटवावी. खांबांस केरसुणीचे हीर. गवतास रंगविलेला, चाळलेला लांकडाचा भुसा. जमिनीस खरीच काळी माती वस्त्रगाळ करून घ्यावी. पण आधीं तिच्यांतून लोहचुंबक दोन-तीनदां फिरवावा, कारण मातींतील लोहकण इंजिनाच्या मोटरींत शिरले कीं मोटर गेली. खळ, रवा, तांदूळ, धान्याचें कोणतेंहि पीठ या कामांत वापरूं नये. पहिल्या पावसाळ्यांत झुरळें पुणतांब्याचा ताबा घेतील.

गाडी चालविणें ही निराळी विद्या आहे आणि ती वेगानें बिघडते. ताशीं ६० किलोमीटरांचा वेग १:८७ प्रमाणानें सेकंदास १९ सेंटिमीटर होतो. तेवढ्यानें गाडी सहा फूट दहा सेकंदांत ओलांडून जाते, आणि आजोबांचा चष्मा पुसून होईपर्यंत प्रयोग संपतो. ताशीं १५ किलोमीटर ठेवावा. मग अडतीस सेकंद लागतात, फलाटावर थांबणारी गाडी याच गतीनें येते, आणि इंजिन डोळा भरून दिसतें. एकेरी मार्गावर खरी गंमत क्रॉसिंगची असते. मनमाडची पॅसेंजर बाजूच्या मार्गावर घ्यावयाची, दौंडकडून मालगाडी येईपर्यंत थोपवावयाची, मग सोडावयाची. स्टेशनमास्तर एक, सांधेवाला दुसरा. दोघांच्या मध्यें टोकन म्हणून एक मणी असावा, आणि तो हातीं नसतां गाडी हलवूं नये. वेळापत्रक आजोबांनीं आठवून लिहावें, आणि घड्याळ सहापट वेगानें धांवतें असें मानावें; दहा मिनिटांत एक तास. अर्ध्या तासांत पहांटेची गाडी जाते आणि उजाडल्यानंतरची मालगाडी येते.

एकट्या मुलास करावयाचा खेळहि या फळीवर आहे. ॲलन राइट या इंग्रज छंदवाल्याचें 'इंगलनूक' नांवाचें एक कोडें आहे. तीन आडमार्ग, एकावर पांच वाघिणी मावाव्यात, उरलेल्या दोहोंवर तीन-तीन. एकूण वाघिणी आठ. आठ चिठ्ठ्यांतून पांच उचलावयाच्या, आणि ज्या क्रमानें निघतील त्याच क्रमानें त्या पांच वाघिणींची गाडी इंजिनानें ढकलून-ओढून जुळवावयाची. असे क्रम ६,७२० होतात. वाघीण साडेतीन इंचांची, म्हणून हें सर्व आपल्या मालधक्क्याभोंवतीं बसतें आणि त्यास विंगा लागत नाहींत. पावसाळ्यांतील दुपारीं याहून स्वस्त करमणूक आम्हांस ठाऊक नाहीं.

विजेविषयीं घरच्या वडील माणसांना धास्ती असते, ती रास्त आहे. रुळांत १२ व्होल्टांपेक्षां अधिक वीज नसावी, आणि भिंतींतील २३० व्होल्टांची तार फळीवर मुळींच येऊं नये. चांगल्या प्रतीचा ट्रान्स्फॉर्मर खालीं, भिंतीजवळ असावा. एक गाडी थांबलेली असतां दुसरी चालावी यासाठीं बाजूच्या मार्गाचा रूळ एके ठिकाणीं तोडून, त्या तुकड्यास वेगळी कळ द्यावी. रूळ आठवड्यांतून एकदां स्पिरिटांत भिजविलेल्या फडक्यानें पुसावेत. आणि हें पुसणें, तसेंच फळीवर रात्रीं जुनें लुगडें पसरणें, जोडफळ्या उचलून ठेवणें हीं कामें आजोबा आणि नातू यांचीं आहेत. भगिनींनीं जागा दिली. झाडलोटीचा करार त्यांच्याशीं झालेला नाहीं.

फळीचें लांकूड पावसाळ्यांत फुगतें आणि रूळ वांकतात. त्यासाठीं सांध्यांजवळ किती फट सोडावी, आणि कळेची तार फळीखालून कशी न्यावी, तें पुढील अंकीं आकृतीसह देऊं. तोंवर वही सुरू झाली असेल, अशी आमची अपेक्षा आहे. वाचकांपैकीं कोणाच्या घरीं १९६० च्या सुमारचें पुणतांबा, कोपरगांव किंवा बेलापूर स्टेशनाचें छायाचित्र असल्यास त्याची प्रत आमच्याकडे पाठवावी. आम्ही ती मामंजींकडे पोहोंचवूं.